तीन वर्षांची कंबरदुखी



एरवी तुम्ही इथं वीजदर, सुताचे भाव आणि पाण्याची बोंब वाचायला येता. आज त्यातलं काही नाही. आज माझ्या कंबरेबद्दल लिहितोय. हसू नका. वाचून होईपर्यंत तुमच्यातल्या निम्म्या लोकांना आपल्याच घरातलं कुणीतरी आठवेल. पोस्ट मोठी आहे, सवडीनं वाचा.

जे मला ओळखत नाहीत त्यांच्यासाठी थोडक्यात. इचलकरंजीत आठ मागांचा खर्चीवाला आहे. सूत व्यापाऱ्याचं, माग माझे, मजुरी पिकावर. वय ५१. वडीलही मागावरच होते. आमच्या घरात दुखणं सांगत बसायची पद्धत नव्हती. दुखलं तर चोळा, नाहीतर गप बसा.

सप्टेंबर २०२१ मध्ये बीम चढवताना कंबरेत अशी चमक भरली की जागेवरच बसलो. उसण भरली म्हणून सगळ्यांनी सोडून दिलं. आमच्या गल्लीत एक पायाळू मावशी आहेत, त्यांच्याकडून पाठीला पाय लावून घेतला. तेल लावलं, वाळूचा शेक घेतला. आठ दिवसांत बरं वाटेल म्हणाले. आठ दिवसांचे तीन महिने झाले आणि तीन महिन्यांची तीन वर्षं.

या तीन वर्षांत काय काय केलं त्याची यादी दिली तर आणखी एक पोस्ट होईल. एमआरआय काढला. रिपोर्टात लिहिलेलं, चौथ्या आणि पाचव्या मणक्यामधली गादी फुगलीय, झीज झालीय. एका डॉक्टरांनी ऑपरेशन सांगितलं. दुसरे म्हणाले, ऑपरेशनची गरज नाही, पट्टा बांधा आणि आयुष्यभर वाकायचं नाही. तिसऱ्या ठिकाणी कंबरेला वजनं लावून ओढून घेतलं. एका हाडवैद्यानं मान आणि कंबर अशी कडकड मोडली की दोन दिवस उठलो नाही. सगळ्याचा हिशोब मांडला, दिवाणजीच्या वहीत लिहून ठेवलाय, १ लाख ४० हजार रुपये गेले.

आणि गोळी. मेडिकलमध्ये जाऊन "कंबरेची द्या" म्हटलं की मिळते. सकाळी एक, रात्री एक. दीड वर्ष रोज खाल्ली. एकदा भिशीच्या मित्रानं जबरदस्तीनं रक्त तपासायला नेलं तर क्रिएटिनिन १.६ आलं. फिजिशियन डॉक्टर रागावले. म्हणाले, "कंबर राहील आणि किडनी जाईल. या गोळ्या चार दिवसांसाठी असतात, दीड वर्षासाठी नव्हे." गोळी बंद केली. क्रिएटिनिन हळूहळू खाली आलं, पण दुखणं तिथंच. त्याच डॉक्टरांनी चिठ्ठी दिली आणि एका फिजिओथेरपिस्ट मॅडमकडं पाठवलं.

मॅडम वयानं माझ्या पुतणीएवढ्या. मी आणि बायको दोघं गेलो होतो. मला वाटलं, आता शेकणार, मशीन लावणार. त्यांनी पाऊण तास नुसतं विचारलं. झोप किती? किती वाजता झोपता? उठल्यावर झोप झाल्यासारखं वाटतं का? चहा किती? तंबाखू? दिवसात काम सोडून काय करता? आणि मग, "काका, दुखणं सुरू झालं त्याच्या आधीच्या सहा महिन्यांत घरात काय घडलं होतं?"

मी म्हटलं, काही नाही.

बायको म्हणाली, "अहो, अण्णा गेले ना."

अण्णा म्हणजे माझा थोरला भाऊ. मे २०२१ मध्ये दुसऱ्या लाटेत गेला. अठरा दिवस दवाखान्यात होता. शेवटचं तोंडही धड बघायला मिळालं नाही, पिशवीत बांधून नेलं. चार माणसांना लांब उभं राहायला सांगितलं होतं. आमच्यात थोरल्या भावाला खांदा देता आला नाही ही लहान गोष्ट नाही. तेव्हा मी रडलो नाही. वहिनी आणि दोन पोरी होत्या, रडून चाललं नसतं. लगेच लॉकडाऊनमध्ये माग बंद, बँकेचा हप्ता चालू, पोराच्या इंजिनिअरिंगची फी. अण्णाच्या सहा मागांची जबाबदारीही माझ्यावरच आली. सप्टेंबरमध्ये माग सुरू झाले आणि पहिल्याच आठवड्यात तो बीम.

मॅडमनी सगळं ऐकलं, लिहून घेतलं. मग म्हणाल्या, "तुमच्या पायात ताकद आहे, रिफ्लेक्स ठीक आहेत, नस दबल्याची खूण नाही. एमआरआयमध्ये जे दिसतंय ते तुमच्या वयाच्या पुष्कळ माणसांत दिसतं. तुमचं दुखणं आता फक्त गादीचं राहिलेलं नाही. झोप, ताण, भीती, हे सगळं त्यात आहे."

मला राग आला. खरंच आला. मी आवाज चढवून म्हटलं, "म्हणजे मी नाटक करतोय? मनाचं आहे म्हणताय?"

शेजारी बायको बसली होती. तिनं माझ्याकडं बघितलं. काही बोलली नाही. पण ती का बघतेय ते मला त्याच क्षणी कळलं आणि मान खाली गेली.

कारण तेच वाक्य मी तिला नऊ-दहा वर्षं ऐकवत होतो.

तिचं सगळं अंग दुखतं. आज खांदे, उद्या मांड्या, परवा बोटं. सकाळी उठताना पाट्यावर वाटून काढल्यासारखं वाटतं म्हणते. डोकं जड, गॅसवर दूध ठेवून विसरते. रक्त तपासलं की सगळं नॉर्मल. डॉक्टर म्हणायचे, "काही नाही, कॅल्शियमच्या गोळ्या घ्या." आई म्हणायची, "आमच्या काळी असलं काही नव्हतं बाई." आणि मी म्हणायचो, "तुझं रोजचंच आहे. आज काय दुखतंय तेवढं सांग." पाहुण्यांसमोर म्हणायचो. लोक हसायचे, तीही हसायची. हसून चहा ठेवायला आत जायची.

माझ्याकडं दाखवायला एमआरआयची फिल्म होती म्हणून माझं दुखणं खरं. तिच्याकडं फिल्म नव्हती म्हणून तिचं नाटक. आणि आता एक पोरगी माझी फिल्म बाजूला ठेवून मला तिच्याच रांगेत बसवत होती.

मॅडम रागावल्या नाहीत. म्हणाल्या, "काका, दुखणं खोटं आहे असं मी एकदाही म्हटलं नाही. ते शंभर टक्के खरं आहे. प्रश्न एवढाच की ते चालू कशामुळं राहिलंय."

त्यानंतर त्यांनी जे समजावलं, ते नंतर मी वाचून, विचारून पक्कं करून घेतलं. तेवढं नीट सांगतो, कारण हे आपल्याला कुणी सांगत नाही.

दुखणं तीन महिन्यांच्या पुढं गेलं की वैद्यकशास्त्र त्याला जुनाट वेदना म्हणतं. ताज्या दुखण्याचं काम इशारा द्यायचं असतं. हात भाजला, काढून घे. पण इजा भरून आल्यावरही इशारा वाजतच राहिला तर? तेव्हा बिघाड इशारा देणाऱ्या यंत्रणेत असतो. मज्जारज्जू आणि मेंदू जास्तच हळवे झालेले असतात. साधा स्पर्श, साधं वाकणंसुद्धा त्यांना धोका वाटतं.

मला हे मागावरून कळलं. ऑटोलूमवर धागा तुटला की पिन खाली पडते आणि माग आपोआप थांबतो. चांगली सोय आहे. पण त्या पिनांत रुई साठली, साफसफाई झाली नाही, की धागा शाबूत असतानाही माग थांबतो. नवा कारागीर अर्धा तास तुटलेला धागा शोधत बसतो. धागा तुटलेलाच नसतो. पण माग थांबला हे तर खरंच ना? उत्पादन गेलं हे खरंच ना? तसं आहे हे. मी तीन वर्षं धागा शोधत होतो. रुई कुणी काढलीच नव्हती.

ही रुई म्हणजे काय? अपुरी झोप, सततची काळजी, आत दाबून ठेवलेलं दुःख, हालचाल बंद होणं, माणसांत जाणं बंद होणं, तंबाखू. यातली एकेक गोष्ट वेदनेचा आवाज वाढवते. आणि वेदना वाढली की झोप आणखी उडते, काळजी आणखी वाढते. नैराश्य असलेल्या माणसाला दुखणं जास्त जाणवतं आणि सतत दुखणाऱ्या माणसाला नैराश्य येतं. हे चाक दोन्ही बाजूंनी फिरतं. सुरुवात कुठून झाली ते शोधून फारसं हाती लागत नाही. मी मॅडमना सरळ विचारलं होतं, अण्णा गेला म्हणून माझी कंबर गेली का? त्या म्हणाल्या, "असं मी कधीच म्हणणार नाही. कंबर बीम उचलताना दुखावली. पण ती बरी व्हायच्या काळात तुमचं शरीर आधीच धोक्याच्या घंटेवर बसलेलं होतं."

हे कुणा एका मॅडमचं मत नाही. वेदनेवर काम करणाऱ्या तज्ज्ञांची जागतिक संघटना आहे, तिनं २०२० मध्ये वेदनेची व्याख्या सुधारली. त्यात वेदना हा शरीराला जाणवणारा आणि भावनिकही अनुभव आहे असं स्पष्ट म्हटलंय, आणि माणूस दुखतंय म्हणाला तर त्याचा मान राखा असंही म्हटलंय. २०१५ मध्ये एक मोठा आढावा आला होता. ज्यांची कंबर अजिबात दुखत नाही अशा ३,११० लोकांचे स्कॅन त्यात बघितले. पन्नाशीतल्या या ठणठणीत लोकांपैकी ८० टक्क्यांच्या मणक्यांच्या गादीत झीज होती, ६० टक्क्यांची गादी फुगलेली होती. म्हणजे माझ्या फिल्ममध्ये जे बघून मी रात्र-रात्र जागलो, ते केस पांढरे होण्यासारखंच बरंचसं वयाचं होतं. आणि डिसेंबर २०२३ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं जुनाट कंबरदुखीसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. त्यात रुग्णाला नीट समजावून सांगणं, व्यायाम आणि मानसोपचार यांची शिफारस आहे. पट्टे आणि वजनं लावून ओढणं नेहमीचे उपचार म्हणून करू नका असं सांगितलंय. माझ्या कपाटात पट्टा आहे, ९०० रुपयांचा. कुणाला हवा असेल तर सांगा.

आता एक महत्त्वाचं, हे वाचल्याशिवाय पुढं जाऊ नका. लघवी-संडासवरचा ताबा सुटला, दोन्ही मांड्यांच्या मधला भाग बधिर झाला, पायातली ताकद कमी होत चालली, कंबरदुखीबरोबर ताप आहे, कारण नसताना वजन उतरतंय, आधी कॅन्सर होऊन गेलाय किंवा जोरात पडल्यावर दुखतंय, यातलं काही असेल तर ही पोस्ट बाजूला ठेवा आणि त्याच दिवशी डॉक्टरकडं जा. तिथं "मनाचं असेल" म्हणून थांबू नका. माझं सगळं तपासून झालं होतं, म्हणूनच पुढचं सांगतोय.

मग मी काय केलं?

पहिल्यांदा झोप. माझी झोप साडेचार तासांची होती. रात्री बारा-साडेबारापर्यंत मोबाईल. कुणाची पोस्ट, कुणाला उत्तर, सुताचा भाव, वीजबिलाचा ग्रुप. मॅडमनी सांगितलं, झोप कमी पडलेल्या माणसाची दुखणं सोसायची ताकद दुसऱ्या दिवशी घटते. मोबाईल रात्री साडेनऊला देव्हाऱ्याच्या खोलीत चार्जिंगला लावायचा ठरलं. चहा दिवसाला आठ-नऊ कप होता, तो चारवर आणला आणि संध्याकाळी पाचनंतर बंद. पहिले पंधरा दिवस डोकं फिरलं. मग झोप सहा तासांवर आली.

दुसरं, चालणं. मी घाबरून वाकणं-चालणं सगळंच सोडलं होतं. पट्टा बांधून पुतळ्यासारखा फिरायचो. सुरुवात दहा मिनिटांनी केली. दर आठवड्याला दोनच मिनिटं वाढवायची. बरं वाटतंय म्हणून एका दिवशी पाच किलोमीटर चालायचं नाही आणि दुखतंय म्हणून खाडाही करायचा नाही. ही गोष्ट मला फार जड गेली. माझी सवय म्हणजे, एखादा दिवस बरा गेला की साठलेलं सगळं काम त्याच दिवशी उरकायचं, बीम, गाठी, बँक, सगळं. मग तीन दिवस आडवा. मॅडम म्हणाल्या, "काका, तुम्ही दुखण्याला विचारून दिवस ठरवता. घड्याळाला विचारून ठरवा." हळूहळू वाकायला लागलो. पहिल्यांदा जमिनीवरची कांडी वाकून उचलली तेव्हा दरदरून घाम आला होता. दुखलं नव्हतं. नुसत्या भीतीचा घाम.

तिसरं, मावा. खोटं बोलत नाही, सुटलेला नाही. दिवसाला सहा पुड्या होत्या, आता दोनवर आहे. तंबाखूनं रक्तवाहिन्या आकसतात, मणक्याच्या गादीला आधीच रक्तपुरवठा कमी असतो, हे कळल्यावर तरी लाज वाटते. प्रयत्न चालू आहे.

चौथं लिहायला मला सहा महिने लागले, म्हणून ही पोस्ट एवढ्या उशिरा येतेय. मी मानसोपचारतज्ज्ञांकडं गेलो. कोल्हापूरला गेलो, गावात कुणी बघू नये म्हणून. पार्किंगमध्ये ओळखीचा एक सायझिंगवाला भेटला तर त्याला सांगितलं, पाहुण्यांना बघायला आलोय. त्यानंही मला तेच सांगितलं. आता वाटतं, तोही कदाचित माझ्यासारखाच आलेला असेल.

तिथं कुणी वेडा म्हणालं नाही. डॉक्टरांनी एक गोळी कमी डोसमध्ये दिली. ही गोळी मुळात नैराश्यासाठीची, पण वेदनेचे संदेश दाबायलाही तिचा उपयोग होतो. सुरुवातीला तोंड कोरडं पडलं, सकाळी गुंगी वाटली, मग बसलं. कुणी नाव विचारू नका, ज्याची त्याला वेगळी असते आणि डॉक्टरांशिवाय घ्यायचीही नसते, मनानं बंदही करायची नसते. समुपदेशक ताईंकडं सात वेळा बसलो. त्यांनी मला डोक्यात येणारी वाक्यं लिहायला लावली. "माझा मणका संपला." "उद्या मी अंथरुणाला खिळणार, मागं लिलावात जाणार." मग विचारायच्या, याला पुरावा काय? तीन वर्षांत खिळलात का? एवढंच. पण हिशोबाच्या माणसाला हिशोबाची भाषा पटते. चौथ्या खेपेला अण्णाचं नाव निघालं आणि मी एक तास रडलो. घरी येताना शिरोलीच्या पुढं गाडी बाजूला घेऊन परत रडलो. दुसऱ्या दिवशी कंबर दुखत होती. असं काही सिनेमासारखं होत नाही. पण त्या रात्री झोप लागली होती.

आज काय स्थिती आहे? दुखणं गेलेलं नाही. पूर्वी दहापैकी आठ असायचं, आता दोन-तीन असतं. वीजबिल आलं की चार होतं, हेही बघून ठेवलंय. पण बीमला हात लावतो, नातवंडाला उचलतो, भजनाला परत जायला लागलोय. गेल्या वर्षी पंढरीच्या वाटेवर एक मुक्काम चाललो. माझ्यासाठी हे पुष्कळ आहे.

आता हिच्याबद्दल.

मॅडमकडून आलो त्या रात्री जेवण झाल्यावर ती म्हणाली, "आता कळलं न्हवं, कसं वाटतं ते?" आवाज चढवला नाही. मी काय बोलणार होतो. पुढच्या आठवड्यात मी तिला घेऊन गेलो, पहिल्यांदा स्वतःहून. थायरॉईड, हिमोग्लोबिन, ड जीवनसत्त्व, संधिवाताच्या तपासण्या परत केल्या. डॉक्टरांनी फायब्रोमायल्जिया सांगितलं. हा आजार रक्तात दिसत नाही, एक्स-रेत दिसत नाही. अंगभर दुखणं, झोपूनही न जाणारा थकवा, विसरभोळेपणा, आणि निदान होणाऱ्यांत बायकांचं प्रमाण जास्त. डॉक्टर नाव सांगत होते आणि ती रडत होती. मला वाटलं घाबरली. बाहेर आल्यावर म्हणाली, "नाव तरी हाय म्हणजे त्याला. मला वाटायचं मीच आळशी हाय."

दहा वर्षं. दहा वर्षं ही बाई स्वतःला आळशी समजून पहाटे उठून अंगण झाडत होती, कांड्या भरत होती, आमच्या आईचं सगळं करत होती. आणि तिला आळशी ठरवण्यात माझा वाटा मोठा होता. मी घरात माफी मागितलीय. पण टिंगल चारचौघांत केली होती, म्हणून माफीही चारचौघांत मागतोय. तिला विचारून लिहितोय. ती म्हणाली, "लिवा. पण माझा फोटू टाकू नका."

तिच्यावरही उपचार तेच आहेत, झोप, थोडा-थोडा व्यायाम, मनावरचं ओझं कमी करणं, लागली तर गोळी. पण तिच्या बाबतीत मला जे दिसलं ते तुम्हा सगळ्यांसमोर ठेवायचं आहे, कारण इथून पुढं हा प्रश्न माझ्या घरचा राहत नाही.

मला मॅडमनी सांगितलं रात्री साडेनऊला झोपा, मी झोपलो. तिला सांगितलं तर ती म्हणाली, "पाणी कधी येईल त्याचा नेम न्हाई, कोण भरणार?" मला सांगितलं सकाळी चालायला जा, मी गेलो. तिला सांगितलं तर सकाळी डबे, सासूचं औषध. संध्याकाळी जावं तर मैदानावर दिवा नाही. सवयी सुधारा म्हणणं सोपं आहे. सवय लावून घ्यायला वेळ लागतो, आणि घरात वेळ कुणाच्या वाट्याला किती येतो ते कुणीतरी आधीच ठरवलेलं असतं. आमच्या घरात ते मीच ठरवत होतो. आता पाण्याची पाळी आठवड्यातून निम्मे दिवस माझी. फार मोठा त्याग केलेला नाही, पण तिची सलग झोप वाढली ती कुठल्या गोळीनं नाही.

आणि कामगारांचं काय? आपल्या गावात कारागीर बारा तास उभा असतो, एक आठवडा दिवसपाळी, एक आठवडा रातपाळी. मागाच्या खडखडाटात. घर दहा बाय दहाचं, दिवसा पोरं दंगा करतात, झोपणार कधी? त्याला "सात-आठ तास झोपा, ध्यान करा" म्हणणं म्हणजे चेष्टा आहे. दोन वर्षांपूर्वी माझ्याच एका कारागिरानं कंबर दुखते म्हणून सुट्टी मागितली होती. मी म्हटलं होतं, "माझी पण दुखते, मी येतोच ना." तो काम सोडून गेला. आता कुठं आहे माहीत नाही. त्याचीही माफी बाकी आहे.

म्हणून चार गोष्टी मांडतो. ही तक्रार नाही, मागणी आहे, आणि पहिली मागणी माझ्याकडंच आहे.

एक. यंत्रमागधारकांनो, कारागिराला दोन तासांनी दहा मिनिटं बसू द्या. मी शेडमध्ये तीन स्टूल ठेवलेत. सुरुवातीला उत्पादन पडेल वाटलं होतं. पडलं नाही. उलट खाडे कमी झाले.

दोन. वॉर्डातल्या सरकारी दवाखान्यात आठवड्यातून दोन दिवस फिजिओथेरपिस्ट बसावा. आपल्यासारख्या कामगारांच्या गावात सर्दी-तापाखालोखाल लोक दुखण्यासाठीच येतात आणि गोळी घेऊन जातात. आयुष्मान आरोग्य मंदिराच्या सेवांत मानसिक आरोग्य कागदावर आहेच. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम १९९६ पासून देशात आहे. २०१७ चा मानसिक आरोग्य कायदा सांगतो की सरकारी खर्चानं चालणाऱ्या ठिकाणी मानसिक उपचार मिळणं हा प्रत्येकाचा हक्क आहे. म्हणजे नवीन काही मागत नाही. जे लिहिलेलं आहे ते आपल्या वॉर्डापर्यंत यावं, एवढंच. याचं निवेदन तयार करतोय, सह्यांसाठी पुढच्या रविवारी चौकात बसणार आहे.

तीन. डॉक्टर मंडळींना हात जोडून विनंती. तीन महिन्यांच्या वर दुखतंय म्हणून आलेल्या माणसाला दोन प्रश्न विचारा. झोप कशी आहे? आणि मनाला कसं वाटतंय? दोन मिनिटं लागतात. मला तीन वर्षांत हे कुणी विचारलं नाही, आणि मी स्वतःहून सांगितलं नसतं.

चार. मेडिकलवाल्या मित्रांनो, चिठ्ठीशिवाय महिनोन् महिने दुखण्याची गोळी देऊ नका. आणि घेणाऱ्यांनो, मागू नका. माझा क्रिएटिनिनचा रिपोर्ट बघायचा असेल तर दाखवतो.

कोल्हापूरला जाणं जमत नसेल, समोर बसून बोलायची लाज वाटत असेल, तर टेलिमानस आहे. नंबर १४४१६. केंद्र सरकारची सेवा, ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे, फुकट आहे, दिवस-रात्र चालू असते आणि मराठीत बोलतात. नंबर सेव्ह करून ठेवा. आपल्यासाठी नसला तर शेजारच्यासाठी.

"मनाचं आहे" हे आपण शिवी दिल्यासारखं म्हणतो. काही नाही, मनाचं आहे. नाटक आहे. मीही तसंच म्हणत आलो. पण शोकानं भूक मरते हे आपण मानतो, भीतीनं पोटात गोळा येतो हे मानतो, लाजेनं कान लाल होतात हे मानतो. मग काळजीनं कंबर दुखते म्हटलं की तेवढं खोटं कसं होतं?

आज घरी गेल्यावर एक करा. तुमच्या घरात जी बाई किंवा जो म्हातारा रोज "दुखतंय" म्हणतो आणि ज्याचं कुणी ऐकत नाही, त्याच्याजवळ पाच मिनिटं बसा. उपाय सांगू नका, कुणाचा पत्ता देऊ नका. किती दिवस दुखतंय आणि रात्री झोप लागते का, एवढंच विचारा. आणि ऐका.

आता साडेनऊ वाजत आलेत. मोबाईल देव्हाऱ्याच्या खोलीत जातोय. उत्तरं उद्या देतो. आज पाण्याची पाळी माझी आहे.